पाचशे कोटींत एक

कॅज्युअल्टीत हा संवाद रोजचा. सिस्टर रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधते, शीर शोधते, मोठी सिरिंज भरून रक्त काढते आणि बुचावर स्पिरिटचा बोळा फिरवून ते बाटलीत सोडते. मग दुसरा हात, दुसरी सिरिंज, दुसरी बाटली. शेजारी उभा असलेला मुलगा म्हणतो, "सिस्टर, बाबांच्या अंगात आधीच काही उरलेलं नाही. त्यात एवढं रक्त?" सिस्टरला वेळ नसतो. "कल्चरला लागतं," म्हणत ती पुढच्या खाटेकडे वळते.

मुलाचा प्रश्न रास्त आहे. शुगरला एक थेंब पुरतो, सीबीसीला दोन-तीन मिलिलिटर. रक्तातले जंतू वाढवून बघणाऱ्या कल्चरच्या प्रत्येक बाटलीला मात्र आठ ते दहा मिलिलिटर हवं, आणि बाटल्या किमान दोन, शक्यतो चार. कारण सेप्सिस झालेल्या मोठ्या माणसाच्या रक्तात जिवंत जिवाणू असलेच तर फार विरळ असतात. मिलिलिटरमागे कित्येकदा एखादाच. रक्त कमी घेतलं तर नेमका तोच बाटलीत यायचा राहतो.

आता तो एक मिलिलिटर बघा. वीसेक थेंब. त्यात तांबड्या पेशी साधारण ५०० कोटी. सेकंदाला एक या वेगानं, न झोपता, न जेवता मोजायला बसलात तर १५८ वर्षं लागतील. शिवाय त्याच वीस थेंबांत प्लेटलेट १५ ते ४५ कोटी आणि पांढऱ्या पेशी ४० लाख ते १ कोटी १० लाख. या गर्दीत परका म्हणावा असा तो एक. अंगातलं सगळं पाच लिटर रक्त धरलं तरी पाच हजार. ई. कोलाय जातीच्या एका जिवाणूचं वजन ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. तेव्हा पाच हजारांचं मिळून पाच नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस कोटीवा भाग. आणि साठ किलोचा माणूस आडवा झालेला असतो.

हिशेब सरळ ठेवायचा तर दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. जंतूंचा मूळ अड्डा बहुतेक वेळा रक्तात नसतो. तो फुप्फुसात, मूत्रमार्गात, फुटलेल्या अपेंडिक्सच्या आसपास किंवा मधुमेह्याच्या पायावरच्या जखमेत असतो आणि तिथं त्यांची संख्या कोटींच्या घरात जाते. दुसरं म्हणजे सेप्सिसच्या कितीतरी रुग्णांच्या कल्चरमध्ये शेवटपर्यंत काहीच उगवत नाही. तरीही मूत्रपिंडं बंद पडतात, बीपी लागत नाही, माणूस बरळायला लागतो. "रक्तात इन्फेक्शन पसरलं" असं आपण म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं जंतूंनी बुजबुजलेलं रक्त येतं. प्रत्यक्षात ते तसं नसतं.

जंतूंच्या वाढीचं एक गणित शाळेतही घालतात. ई. कोलायला मनासारखं खाद्य आणि ऊब मिळाली तर दर वीस मिनिटांनी एकाचे दोन होतात. सात तासांत एकाचे २० लाख ९७ हजार. चोवीस तासांत ७२ वेळा दुप्पट, आणि वजन सुमारे ४,७०० टन. अठ्ठेचाळीस तासांत पृथ्वीच्या काही हजारपट. गणित चोख आहे, पण शरीरात असं कधीच होत नाही. खाद्य संपतं, जागा संपते, पांढऱ्या पेशी गिळत सुटतात. हे आकडे वाचून सेप्सिसची भीती वाटत असेल तर ती चुकीच्या दिशेची आहे. खरे भोवळ आणणारे आकडे आपल्या बाजूचे आहेत.

ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा रेणू असतो, एकेका जिवाणूवर दहा लाखांच्या आसपास. हा रेणू स्वतः काही जाळत नाही, कापत नाही. पण आपलं शरीर तो ओळखतं. किती ओळखतं, हे निरोगी स्वयंसेवकांवर मोजून झालेलं आहे. शुद्ध केलेलं एंडोटॉक्सिन वजनाच्या किलोमागे दोन ते चार नॅनोग्रॅम इतकं शिरेतून दिलं की तासा-दीड तासात हुडहुडी भरते, डोकं ठणकतं, ताप चढतो, नाडी धावायला लागते. काही तासांनी सगळं ओसरतं. साठ किलोच्या माणसाला चारच्या हिशेबानं २४० नॅनोग्रॅम. साखरेचा दाणा एक मिलिग्रॅमचा धरला तर त्याचे चार हजार तुकडे करावेत आणि त्यातला एक उचलावा, एवढंसं.

अख्खा दाणा टोचला तर? हा प्रयोग कोणी मुद्दाम करणार नाही, पण एकानं केला. १९९३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका प्रयोगशाळा कर्मचाऱ्याची हकीकत छापून आली. नुकत्याच सापडलेल्या गाठीवर इलाज म्हणून त्यानं साल्मोनेला जिवाणूचं एक मिलिग्रॅम एंडोटॉक्सिन स्वतःच टोचून घेतलं. बीपी कोसळलं, एकेक अवयव डळमळायला लागला, आयसीयूत हलवावं लागलं. तो वाचला. मला या हकीकतीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याच्या अंगात त्या वेळी त्या जातीचा एकही जिवंत जिवाणू नव्हता. मारेकरी हजर नसताना हल्ला झाला होता, आणि तो शरीरानं स्वतःच स्वतःवर केला होता.

२०१६ साली तज्ज्ञांनी सेप्सिसची व्याख्या नव्यानं मांडली ती याच अंगानं. संसर्गाला शरीर जे प्रत्युत्तर देतं त्याचा तोल सुटून अवयवच निकामी व्हायला लागणं आणि त्यातून जिवावर बेतणं, म्हणजे सेप्सिस. व्याख्येत जंतूंची संख्या कुठंही नाही.

हे प्रत्युत्तर केवढं असतं? निरोगी माणसाच्या अस्थिमज्जेत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रोज सुमारे दहा हजार कोटी तयार होतात. रोज. संसर्गात हे उत्पादन आणखी वाढतं. एका न्यूट्रोफिलला जंतू दिसला की ती रासायनिक निरोप सोडते, त्यानं आणखी पेशी जाग्या होतात, त्या आणखी निरोप सोडतात. बोटाला काटा रुतल्यावर जागा लाल होते, सुजते, गरम लागते. तिथल्या रक्तवाहिन्या मुद्दाम सैल झालेल्या असतात, त्यांच्या भिंती मुद्दाम झिरपू लागलेल्या असतात, रक्त मुद्दाम गोठत असतं, म्हणजे जंतू तिथंच कोंडले जावेत. बोटापुरतं हे उत्तम काम आहे. सेप्सिसमध्ये हेच काम एकाच वेळी डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडं सुरू होतं.

सगळ्या वाहिन्या एकदम सैल झाल्या की तेच पाच लिटर रक्त अपुरं पडतं. वरून त्यातलं पाणी भिंतींतून झिरपून हातापायांत, फुप्फुसांत साचतं. म्हणून रुग्ण सुजलेला दिसतो आणि तरी त्याच्या शिरा रिकाम्या असतात. म्हणून सलाईन लागतं आणि तेही थोडंथोडकं नाही. बीपी पडलेल्या रुग्णाला पहिल्या तीन तासांत किलोमागे ३० मिलिलिटर, म्हणजे साठ किलोच्या माणसाला जवळजवळ दोन लिटर. तेवढ्यानं भागलं नाही तर बीपी धरून ठेवणारं नॉरअॅड्रेनलिन. त्याचा हिशेब पुन्हा मायक्रोग्रॅममध्ये.

गोठण्याचं तर अजबच. लहान-लहान वाहिन्यांत ठिकठिकाणी गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट आणि गोठवणारी प्रथिनं खर्ची पडतात. मग सुई टोचल्या जागी रक्त थांबत नाही. एकाच शरीरात एकाच वेळी बोटांची टोकं गुठळ्यांमुळं काळी पडत असतात आणि हिरड्यांतून रक्त येत असतं. डेंग्यूच्या साथींनी आपल्याकडं घरोघरी प्लेटलेटचे आकडे पाठ करायला लावले. सेप्सिसमध्येही ते पडतात, फक्त त्या वेळी लक्ष द्यायला इतर दहा आकडे असतात.

त्यातला मला सगळ्यात बोलका वाटतो तो लघवीच्या पिशवीवरचा. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. एवढा मोठा कारभार चालायला रक्ताचा दाब हवा. दाब उतरला की गाळणं थांबतं. साठ किलोच्या माणसाला तासाला किमान ३० मिलिलिटर लघवी व्हावी अशी अपेक्षा असते. कफ सिरपचे सहा छोटे चमचे, एवढंच. खाटेखाली लोंबणाऱ्या पिशवीच्या खुणांकडं सिस्टर रात्रभर वाकून बघते ती एवढ्यासाठी.

मग हे बेफाम प्रत्युत्तर औषधानं बंद का करत नाहीत? केलं की. करून बघितलं. उंदरांची एक जात होती, सी३एच/एचईजे नावाची. तिला एंडोटॉक्सिन कितीही टोचा, ढिम्म. नेमकं काय वेगळं आहे ते शोधायला अमेरिकेत ब्रूस बॉयटलर यांच्या गटानं वर्षानुवर्षं त्या उंदरांची जनुकं चाळली आणि १९९८ साली बिघाड सापडला. एंडोटॉक्सिन ओळखणारा टीएलआर४ हा ग्राहक (रिसेप्टर) त्या उंदरांत निकामी होता. २०११ साली बॉयटलर यांना नोबेल मिळालं. वरवर पाहता सेप्सिसचा कायमचा इलाजच हाती आला होता: ग्राहक बंद, सेप्सिस बंद. पण याच उंदरांना जिवंत साल्मोनेला टोचला तर साध्या उंदरांना सहज पचेल एवढ्याशा संख्येनंही ते मरतात. ज्याला शत्रू ओळखू येत नाही त्याला स्वतःचा हल्ला मारत नाही, शत्रूच मारतो. ती प्रतिक्रिया नसेल तर माणूस कोपरावरच्या खरचटण्यानं जाईल.

या कात्रीत सापडून सेप्सिसच्या प्रतिक्रियेवरचे शंभराहून अधिक औषधी प्रयोग वाया गेले. एकच औषध अमेरिकेत मंजुरीपर्यंत पोचलं, २००१ साली. नाव झायग्रिस. एका रुग्णाच्या उपचाराची किंमत जवळपास सात हजार डॉलर. दहा वर्षांनी, नव्या चाचणीत त्याचा काही उपयोग दिसेना तेव्हा २०११च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीनं ते बाजारातून काढून घेतलं. तेव्हा आजही हाताशी आहे ते जुनंच: अँटिबायोटिक, सलाईन, ऑक्सिजन, बीपी धरून ठेवणारी औषधं, आणि पू साचला असेल तर तो काढणं.

जुनं म्हणजे तसं फार जुनंही नाही. १९४१च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डमध्ये जंतुसंसर्गानं पोखरलेल्या एका पोलीस शिपायाला पेनिसिलीन दिलं गेलं. जगातला साठा एवढा तुटपुंजा, की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलीन गाळून पुन्हा त्यालाच टोचत होते. तो सुधारला, औषध संपलं, मार्चमध्ये तो गेला. वर्षभरानं अमेरिकेत न्यू हेवनमध्ये गर्भपातानंतर रक्तात स्ट्रेप्टोकोकस पसरलेली एक बाई महिनाभर तापानं फणफणत होती. तिला जे पेनिसिलीन दिलं तो त्या वेळचा अमेरिकेतला निम्मा साठा होता. एका बाईसाठी एका देशाचा निम्मा साठा! ती नव्वदीपर्यंत जगली. आणि १९४४च्या जूनमध्ये दोस्तांचं सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरेपर्यंत २३ लाख डोस तयार होते.

एवढं सगळं असून सेप्सिसनं माणसं मरतात तरी किती? २०२०च्या जानेवारीत 'लॅन्सेट'नं जगाचा हिशेब छापला. त्यासाठी १० कोटी ९० लाख मृत्यूंच्या नोंदी चाळल्या होत्या. नुसतं मुख्य कारण पाहून चालणार नव्हतं, कारण सेप्सिस हा दाखल्यावर दुसऱ्याच नावानं वावरतो. न्यूमोनिया, अतिसार, बाळंतपणातली गुंतागुंत, भाजणं, अपघात, 'मल्टि-ऑर्गन फेल्युअर'. हिशेब असा निघाला: २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे ४ कोटी ८९ लाख रुग्ण आणि १ कोटी १० लाख मृत्यू. म्हणजे दर दोन सेकंदांना तीन रुग्ण आणि दर तीन सेकंदांना एक मृत्यू. जगात त्या वर्षी जेवढी माणसं गेली त्यातली पाचातली एक.

१ कोटी १० लाख हा आकडा महाराष्ट्रात आपण आधी वाचलेला आहे. २०११च्या जनगणनेत अखंड ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार होती, देशातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. नवी मुंबई, ठाणे, कल्याण, उल्हासनगर, भिवंडी, मीरा-भाईंदर, वसई-विरार, आणि वर डहाणू, जव्हार, मोखाड्यापर्यंतचा प्रत्येक पाडा. एवढी माणसं, दर वर्षी.

भारताच्या वाट्याला त्यातले सुमारे १ कोटी १३ लाख रुग्ण आणि २९ लाख मृत्यू येतात. जगातल्या अशा दर चार मृत्यूंमागे एक इथला. जगभरच्या रुग्णांपैकी २ कोटी, म्हणजे पाचातले दोन, पाच वर्षांखालची मुलं. शंभरातले ८५ रुग्ण गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. हे आकडे अंदाज आहेत हे विसरू नये. आपल्यासारख्या देशात घरी झालेल्या मृत्यूचं वैद्यकीय कारण बहुतेकदा कुणी लिहितच नाही, तेव्हा तिथली पोकळी गणिती प्रारूपानं भरलेली आहे. शिवाय कर्करोगाचा रुग्ण केमोनंतर सेप्सिसनं गेला तर तो दोन्हीकडं मोजला जाऊ शकतो. "सेप्सिस कर्करोगापेक्षा जास्त माणसं मारतो" हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं, पण ते जरा जपून वापरावं. आकडा तीस टक्के चुकला असला तरी तो अवाढव्यच राहतो, तेवढं पुरे.

आणि वाचलेले? रुग्णालयातून घरी आलेल्यांपैकी निम्मे कमीअधिक पूर्ववत होतात. एक तृतीयांश वर्षभरात दगावतात. एक षष्ठांशांच्या वाट्याला कायमचं अधूपण येतं: विसरभोळेपणा, हातापायांतली ताकद जाणं, जिना चढता न येणं. घरचे म्हणतात, "आजारपणानंतर बाबा पहिल्यासारखे राहिलेच नाहीत." ते बरोबर म्हणत असतात.

आता घड्याळाकडं. कॅनडातल्या विनिपेगचे डॉ. आनंद कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली २,७३१ रुग्णांच्या फायली तपासल्या. सगळे सेप्टिक शॉकचे, म्हणजे बीपी कोसळलेले. बीपी पडल्यावर पहिल्या तासात योग्य अँटिबायोटिक मिळालं त्यांच्यातले ७९.९ टक्के वाचले. पुढच्या सहा तासांत उशिराच्या प्रत्येक तासामागे वाचण्याचं प्रमाण सरासरी ७.६ टक्क्यांनी घटत गेलं. आणि प्रत्यक्षात निम्म्या रुग्णांना औषध सुरू व्हायला सहा तासांहून अधिक वेळ लागला होता, तोही आयसीयू असलेल्या रुग्णालयांत.

७.६ हा आकडा पुढं जगभर फिरला, पोस्टरवर चढला. त्याला दुसरी बाजू आहे. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली बारा वर्षांच्या रोरी नावाच्या एका मुलाचा शाळेत बास्केटबॉलमागे धावताना हात खरचटला. आधी पोटाचं दुखणं समजून त्याला घरी पाठवलं गेलं आणि चार दिवसांत तो सेप्सिसनं गेला. त्याच्या आईवडिलांच्या रेट्यानं पुढच्या वर्षी राज्यानं नियम केला. सेप्सिस ओळखणं आणि ठरल्या वेळात उपचार सुरू करणं प्रत्येक रुग्णालयाला बंधनकारक झालं. 'रोरीज रेग्युलेशन्स' या नावानं तो ओळखला जातो. त्यामुळं १४९ रुग्णालयांतल्या ४९,३३१ रुग्णांची मोजदाद हाती आली. तिथं दर तासाच्या उशिरामागे मृत्यूची शक्यता वाढली ती सुमारे चार टक्क्यांनी, तीही आधीच्या शक्यतेच्या तुलनेत. ७.६च्या मानानं हे बरंच सौम्य. दोन्ही अभ्यास आपापल्या जागी खरे असू शकतात. एकात सगळ्यांचं बीपी आधीच कोसळलेलं होतं, दुसऱ्यात बऱ्याच जणांचं नव्हतं.

हा फरक केवळ पंडितांचा नाही. ७.६चा धसका घेऊन प्रत्येक तापाला भारी अँटिबायोटिक टोचत सुटलं तर काय होतं तेही मोजलेलं आहे. २०१९ साली औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळं थेट १२ लाख ७० हजार माणसं मेली. आपल्याकडं गल्लीतल्या मेडिकलवाल्याला "जरा स्ट्राँग द्या" म्हणून सांगणारा माणूस पुढच्या कुणाच्या तरी सेप्सिसमधलं औषध निकामी करत असतो, कदाचित स्वतःच्याच. तेव्हा घाई करायची ती ओळखण्याची.

ओळखायला तीन आकडे पुरे होतात असं २०१६च्या तज्ज्ञांनी सुचवलं. आयसीयूबाहेरच्या रुग्णाला संसर्गाची शंका आहे आणि मिनिटाला श्वास २२ किंवा जास्त, वरचं बीपी १०० किंवा कमी, आणि भान बिघडलेलं, यातल्या दोन गोष्टी आहेत, तर धोका मोठा. पुढं या कसोटीच्या मर्यादा दिसल्या. सुरुवातीचे बरेच रुग्ण तिच्यातून निसटतात, म्हणून आता तिच्या एकटीवर विसंबू नका असं सांगतात. पण त्यातल्या पहिल्या आकड्याबद्दल मला बोलायचंय. श्वास मोजायला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. मिनिटभर छातीकडं बघत बसावं लागतं. म्हणूनच तो कुणी मोजत नाही. सरकारी असो की पंचतारांकित, वॉर्डातले तक्ते काढून बघा. नाडी ८८, ९४, १०६ अशी बदलत जाते, बीपी बदलतं, श्वासाच्या रकान्यात मात्र ओळीनं १८, १८, २०, १८. चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री दोन सिस्टर असतील तर प्रत्येकाच्या उशाशी एकेक मिनिट बसायला त्यांनी वेळ आणायचा कुठून, हेही खरंच.

श्वास मोजण्याचं सर्वांत साधं साधन गडचिरोलीत तयार झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेपुढं प्रश्न होता, की फारसं मोजता न येणाऱ्या सुईणीनं बाळाचा न्यूमोनिया ओळखायचा कसा? त्यांनी एका पट्टीवर मणी ओवले आणि शेजारी एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ बसवलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर न्यूमोनिया. दहाच्या पुढं मोजता येण्याची गरज नाही.

मग नवजात बाळांचा सेप्सिस. ३९ गावांत गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बायका आरोग्यदूत म्हणून तयार केल्या. त्या घरी जाऊन बाळ बघायच्या. दूध ओढायचं थांबलं, रडणं क्षीण झालं, अंग लुळं पडलं, गार किंवा तापलेलं लागतंय, छाती आत ओढली जातेय, बेंबीत पू आहे. या खुणांवरून सेप्सिसची शंका आली तर आईबापांना दवाखान्यात न्या म्हणायचं. नाही नेलं, आणि बहुतेक जण नेत नसत, तर त्यांच्या संमतीनं घरातच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडावाटे को-ट्रायमॉक्सॅझोल. गावातल्या बाईनं चार दिवसांच्या बाळाला सुई टोचायची, यावर त्या काळी भुवया उंचावणारे डॉक्टर कमी नव्हते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल छापून आले. सेप्सिसची शंका असलेल्या बाळांपैकी आधी शंभरातली १६.६ दगावत, नंतर २.८. हजार जन्मांमागे नवजात मृत्यू आधी ६२ होते. तिसऱ्या वर्षी या गावांत २५.५ राहिले, शेजारच्या ४७ गावांत ते ५९.६ होते. २०११ पासून 'आशा' कार्यकर्ती देशभर बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा जाते ती या कामाच्या आधारावर.

खर्च बाळामागे ५.३ डॉलर, आणि अठरा बाळांची काळजी घेतली की एक मृत्यू टळत होता. झायग्रिसच्या एका रुग्णावरच्या सात हजार डॉलरमध्ये तेराशे बाळं बसतात. अठराला एक या हिशेबानं सत्तर-बहात्तर जीव.